पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर

वसई रोड आणि दिवा यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर, कामण रोडच्या पुढे आणि भिवंडी रोडच्या अलीकडे, खारबाव नावाचे स्थानक लागते. या मार्गावरून मालगाड्या अहोरात्र धावतात. उतारूंच्या गाड्या मात्र बोटांवर मोजता येतील इतक्याच. गावापासून भिवंडीकडे किंवा वसईकडे नेणारा चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्ता त्याच्या खड्ड्यांपायीच जिल्ह्यात प्रसिद्धी पावला आहे, आणि त्यावर गोदामांकडे जाणाऱ्या अवजड ट्रकांची रांग सहसा तुटत नाही. एके काळी भातखाचरांचा असलेला हा टापू गेल्या दोन-तीन दशकांत गोदामांचा झाला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या दारात मोटार आली. ज्यांना विकायला जमीन नव्हती त्यांच्या दारात ती कर्जाने आली. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे, मुलीला भिवंडीच्या महाविद्यालयात पोचवायचे, रात्रपाळी संपवून गोदामातून घरी यायचे, तर दुसरे साधन कोणते? ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एस.टी. कामगारांचा संप चालला तेव्हा ग्रामीण महाराष्ट्राला याचे उत्तर मिळाले. ज्यांच्या गावात सहा आसनांची खासगी गाडी होती ते कामावर गेले. बाकीचे घरी बसले.

अशा गावात येणारी मोटार पुष्कळदा दुसऱ्या वा तिसऱ्या हातची असते. मुंबईत किंवा ठाण्यात कोणी नवी गाडी घेतो, चार-पाच वर्षे वापरतो, नवे रूप बाजारात आले की जुनी विकतो. ती दलालामार्फत फिरत फिरत भिवंडी तालुक्यातल्या एखाद्या अंगणात येऊन थांबते. त्यानंतर ती कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राचे तोंड पाहत नाही, कारण तेथील एका खेपेचा खर्च नाक्यावरच्या मेस्त्रीच्या चार खेपांएवढा असतो. हे सारे सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढेच की, मोटारीत मुळातच दोष असेल तर त्याची वार्ता या प्रवासात कोठे हरवते.

जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकी कंपनीने एस-प्रेसो आणि इको या दोन गाड्यांच्या ८७,५९९ प्रती परत बोलावल्याचे जाहीर केले. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात तयार झालेल्या त्या गाड्या होत. सुकाणूच्या टाय रॉडच्या एका भागात दोष असण्याची शंका होती. क्वचित प्रसंगी तो भाग तुटून गाडीच्या वळण्यावर व ताब्यावर परिणाम होऊ शकतो, असे कंपनीनेच म्हटले होते. टाय रॉड म्हणजे काय, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. चालक चक्र फिरवतो ती हालचाल पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा हा दांडा. तो तुटला की चक्र हातात राहते आणि चाक आपल्या मर्जीने जाते. ब्रेक निकामी झाला तर अनुभवी चालक गिअर खाली आणून, गाडी बांधाला घासून काही तरी करू शकतो. टाय रॉड तुटला तर करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

आता इको ही गाडी कोण वापरतो, याचा विचार करावा. २०१० साली बाजारात आलेली ही पाच आणि सात आसनांची साधी गाडी. शहरातील सुस्थित कुटुंब तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. परंतु गावोगावी तीच कुटुंबाची मोटार, तीच शाळेची गाडी, तीच वडापची जीप, तीच लग्नाच्या वऱ्हाडाची आणि तीच वेळप्रसंगी रुग्णवाहिका. सात आसनांत दहा माणसे बसवून ती खड्ड्यांतून चालते. परत बोलावलेल्या ८७,५९९ गाड्यांपैकी भिवंडी तालुक्यात किती आल्या याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. किंबहुना तसा तालुकावार हिशेब मांडलाच पाहिजे असे बंधन कोणावर नाही, आणि या लेखाचा मुद्दा तोच आहे.

दोष जाहीर झाल्यावर काय होते? कंपनी आपल्या दप्तरातील मालकांना विक्रेत्यामार्फत कळवते, गाडी तपासायला बोलावते, भाग बदलायचा असल्यास विनामूल्य बदलून देते. योजना उत्तमच म्हणावी लागेल. पण कंपनीच्या दप्तरात नाव असते ते सहसा पहिल्या मालकाचे. बोरिवलीच्या कोणा गृहस्थाच्या दूरध्वनीवर निरोप जातो. त्याने गाडी विकून दोन वर्षे झालेली असतात. तो निरोप वाचतो आणि पुसून टाकतो. इकडे खारबावचा माणूस त्याच गाडीत आपली मुले बसवून अंजूरफाट्याकडे निघालेला असतो. कंपनीने कर्तव्य केले, वृत्तपत्रात आकडा छापून आला, समभागांचा भाव दोन दिवस हलून स्थिरावला. तो दांडा मात्र जेथे होता तेथेच आहे.

चासी क्रमांक टाकून आपली गाडी परत बोलावलेल्यांत आहे का हे पाहण्याची सोय काही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आहे, हे खरे. ती बहुतांशी इंग्रजीत आहे. शिवाय जो माणूस शोधेल त्यालाच ती सापडते. आणि शोधावे असे वाटण्यासाठी आधी काही शोधण्यासारखे आहे याची वार्ता लागावी लागते.

येथे काही वाचक विचारतील की, मोटारवाल्यांची ही कैफियत समाजवादी साप्ताहिकाच्या पृष्ठांवर कशासाठी? प्रश्न रास्त आहे आणि त्याला इतिहास आहे. सत्तरच्या दशकात संजय गांधींच्या मारुती कंपनीवर संसदेत समाजवाद्यांनी तोफ डागली, तेव्हा ज्या देशात खेड्याला एस.टी. पोचत नाही त्या देशात मोटार कोणासाठी, असा प्रश्न विचारला जात होता. तो बिनतोड होता. तेव्हा मोटार चैनीची वस्तू होती आणि सार्वजनिक वाहतूक हाच समाजाचा मार्ग होता. आजही मार्ग तोच आहे. परंतु चाळीस वर्षांच्या धोरणांनी सार्वजनिक वाहतूक मोडकळीस आणली आणि सामान्य माणसाला हप्त्याच्या मोटारीत नेऊन बसवले. ज्याला आपण चैन म्हणत होतो ती त्याच्या गळ्यात गरज म्हणून बांधली गेली. आता तो त्या मोटारीत मरू नये, एवढी चिंता वाहण्यात तत्त्वच्युती कसली? महाराष्ट्रातील ग्राहक चळवळ सत्तरच्या दशकात पुण्या-मुंबईत उभी राहिली ती तेल, डाळ, साखर यांच्या प्रश्नांतून. आज पायगाव-खारबावच्या कुटुंबाच्या खर्चात मोटारीचा हप्ता त्या तेल-डाळीच्या खर्चाला मागे टाकतो.

कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१२ च्या जुलैपर्यंत भारतात सदोष मोटारी परत बोलावण्याची काही रीतसर व्यवस्थाच नव्हती. त्या महिन्यात मोटार उत्पादकांच्या संघटनेने एक संहिता तयार केली. ती स्वेच्छेची होती. म्हणजे दोष आहे की नाही, तो सुरक्षिततेचा आहे की नाही आणि केव्हा जाहीर करायचा, हे तिन्ही निर्णय ज्याने दोष निर्माण केला त्याच्याच हाती. आरोपीनेच न्यायासनावर बसावे, तसा हा प्रकार. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम ११०-अ अन्वये केंद्र सरकारला सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. उत्पादकाने ग्राहकाला पूर्ण किंमत परत करावी, तशीच किंवा अधिक चांगली गाडी द्यावी अथवा दोष दुरुस्त करावा, अशी तरतूद झाली. उत्पादकाने कायद्यातील बंधने मोडली तर शंभर कोटी रुपयांपर्यंत दंडाची भाषाही त्यात आली. मोठाच विजय, असे तेव्हा वाटले.

मग १ एप्रिल २०२१ पासून नियम अमलात आले आणि कायद्याने दिलेले नियमांनी कसे काढून घेतले ते दिसू लागले. सक्तीने गाडी परत बोलावण्यासाठी तक्रारींची एक किमान संख्या ठरवली गेली. वर्षाला दहा हजारांहून अधिक खप असलेल्या मोटारीच्या बाबतीत ती साडेबाराशे आहे. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, हे नियम सात वर्षांच्या आतील गाड्यांनाच लागू आहेत.

सात वर्षे! मोटार मुंबईहून निघून खारबावला पोचते ती साधारणतः याच सुमारास. ज्या दिवशी ती गरिबाच्या दारात उभी राहते त्या दिवशी तिच्या जन्मदोषाची जबाबदारी संपुष्टात येण्याच्या बेतात असते. लोखंडाला मात्र हा नियम ठाऊक नसतो. उलट, पुष्कळ दोष वर्षे गेल्यावरच प्रकट होतात, आणि ज्याने हा सात वर्षांचा आकडा लिहिला त्याला ते ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

याचे सर्वांत भयंकर उदाहरण जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगचे आहे. या पिशव्या फुगवण्यासाठी कंपनीने अमोनियम नायट्रेट वापरले. उष्ण व दमट हवेत हे रसायन वर्षानुवर्षे खराब होत जाते. मग अपघाताच्या क्षणी त्याचा स्फोट प्रमाणाबाहेर होतो, धातूचे कवच फुटते आणि ज्याला वाचवायचे त्याच्याच गळ्यात व छातीत त्याचे तुकडे घुसतात. अमेरिकेतच पंचवीसहून अधिक माणसे यात दगावली. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ च्या जूनमध्ये टकाटाने दिवाळे काढले. भारतात होंडा कंपनीने जुलै २०१६ मध्ये १,९०,५७८ आणि जानेवारी २०१७ मध्ये आणखी ४१,५८० गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. अमेरिकेत दुरुस्तीचा क्रम ठरवताना फ्लोरिडासारख्या उष्ण-दमट राज्यांना अग्रक्रम दिला गेला, कारण धोका तेथे अधिक. कोकणपट्टीची हवा फ्लोरिडाहून कोरडी आहे असे कोणी म्हणणार नाही. आणि जुनी होंडा सिटी ही आपल्याकडे दुसऱ्या हाताच्या बाजारातील मानाची गाडी आहे. नवरदेवासाठी फुलांनी सजते ती पुष्कळदा तीच. तिच्यातील पिशवी बदलली गेली आहे की नाही, हे तिला हार घालणाऱ्यांपैकी किती जण विचारतात?

दोषाला दोष न म्हणण्याची कलाही येथे चांगली विकसित झाली आहे. टाटांच्या नॅनोची कथा वाचकांना आठवत असेल. २००८ साली ही एक लाखाची गाडी म्हणून लोकांसमोर आली तेव्हा स्कूटरवर बायको-मुलांना बसवून जाणाऱ्या माणसाला छप्पर देण्याचा तो संकल्प होता, आणि तो प्रामाणिक होता हेही मान्य करावे. परंतु काही गाड्यांनी पेट घेतला. मार्च २०१० मध्ये मुंबईत मुलुंडजवळ एका कुटुंबाची नवी गाडी विक्रेत्याकडून घरी नेतानाच जळाली. नवरा, बायको आणि पाच वर्षांचा मुलगा आत होते. ते वेळीच बाहेर पडले म्हणून बचावले. कंपनीने चौकशी केली. बाहेरून बसवलेली विजेची उपकरणे अथवा धूर सोडणाऱ्या नळीवर राहिलेली परकी वस्तू यांकडे तिने बोट दाखवले. नोव्हेंबर २०१० मध्ये तिने तोवर विकलेल्या सत्तर हजारांहून अधिक गाड्यांना विजेच्या व धुराच्या यंत्रणेत जादा संरक्षण विनामूल्य बसवून देण्याचे ठरवले. आणि सोबत हेही सांगितले की, गाडी सुरक्षितच आहे व याला परत बोलावणे म्हणू नये. मग याला म्हणावे काय? गाडी सुरक्षित असेल तर जादा संरक्षण कशाला, आणि जादा संरक्षणाची गरज असेल तर ती सुरक्षित कशी, हा साधा प्रश्न विचारणारी सरकारी यंत्रणा त्या वेळी अस्तित्वात नव्हती. पुढे जानेवारी २०१४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेने नॅनोसह पाच भारतीय छोट्या मोटारींची धडक-चाचणी घेतली. पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले.

या दोषांचे मूळ कारखान्यात आहे, आणि तेथे काय चालते ते आपल्या कामगार-कार्यकर्त्यांना सांगायला नको. जनरल मोटर्सच्या टवेरा या गाडीचे प्रकरण त्या दृष्टीने उद्बोधक आहे. महाराष्ट्रात स्थानकाबाहेर माणसे कोंबून उभी असणारी टवेरा सर्वांनी पाहिली आहे. जुलै २०१३ मध्ये कंपनीने २००५ पासून बनलेल्या १,१४,००० टवेरा परत बोलावल्या. कारण असे की, सरकारी तपासणीच्या वेळी धूर कमी सोडणारी निवडक इंजिने बसवून दाखवली जात आणि बाजारात दुसरीच गाडी जाई. बाब वर्षानुवर्षे चालली होती. म्हणजे ती अनेकांना ठाऊक होती. जुळणीच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या कामगाराला, विशेषतः ठेकेदारीवरील कामगाराला, हे चूक आहे असे म्हणण्याची सोय नव्हती. म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी प्रवेशद्वारावर त्याचे ओळखपत्र चालले नसते. काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना कंपनीने नंतर घरी पाठवले. पण २०१७ च्या अखेरीस कंपनीनेच भारतातील विक्री थांबवली आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावचा कारखाना बंद केला. तळेगावचे कामगार आपल्या नोकरीसाठी लढत राहिले, टवेरावाले सुट्या भागांसाठी फिरत राहिले. एकाच निर्णयाने रस्त्यावर आलेल्या या दोन जमाती कोठेही एकत्र बसल्या नाहीत. ज्याला कारखान्यातील दोष दिसतो आणि ज्याला तो भोगावा लागतो, त्या दोघांची गाठ पडू नये अशीच ही रचना आहे, आणि कामगार संघटनांनीही ती मोडण्याचा प्रयत्न फारसा केलेला नाही.

आता मालकाच्या तक्रारीचे काय होते? सेवाकेंद्राच्या खिडकीवर तीन उत्तरे ठरलेली असतात. या गाडीला असे होतेच. तुमचे रस्ते खराब आहेत. तुम्ही बाहेर काम करून घेतले आहे. यांतील दुसरे उत्तर खारबावच्या माणसाच्या तोंडावर फेकले जाते तेव्हा त्याला बोलताच येत नाही, कारण रस्ता खराब आहे हे खरेच असते. परंतु कंपनीला या देशातील रस्ते ठाऊक नव्हते काय? ज्या रस्त्यावर चालण्यासाठी गाडी विकली तो रस्ता दोषाचे निमित्त होऊ शकत नाही. रस्ता खराब ठेवणाऱ्या शासनाने आणि भाग कमकुवत ठेवणाऱ्या कंपनीने एकमेकांकडे बोट दाखवावे व मालकाने दोघांचे पैसे भरावे, हा न्याय कोणता?

दोषाची खरी माहिती असते ती नाक्यावरच्या मेस्त्रीकडे. एकाच गाडीचा एकच भाग वर्षभरात दहा वेळा बदलताना तो पाहतो. हा भाग कच्चाच येतो, असे तो गिऱ्हाइकाला सहज सांगूनही टाकतो. पण नियमांच्या दृष्टीने तो कोणीच नाही. तक्रार मोजली जाते ती मालकाने नोंदवलेली, आणि साडेबाराशे मालकांनी देशभरात आपापल्या घरी बसून, एकमेकांची ओळख नसताना, एकाच दोषाची तक्रार नोंदवावी अशी अपेक्षा आहे. विखुरलेल्या माणसांना संख्या सिद्ध करायला सांगणे ही नकार देण्याची सभ्य रीत असते. भूसंपादनापासून रेशनकार्डापर्यंत आपण ती पाहत आलो आहोत.

न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्युंदाई कंपनीविरुद्धच्या एका प्रकरणात ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. २०१५ साली घेतलेल्या क्रेटा गाडीला २०१७ मध्ये अपघात झाला तेव्हा पिशव्या उघडल्याच नाहीत. धडकेचे बल पुरेसे नव्हते, असा कंपनीचा बचाव होता. ग्राहक काही वेग आणि बल यांचे गणित मांडणारा पदार्थविज्ञानाचा पंडित नसतो, अशा आशयाचे उत्तर न्यायालयाने दिले आणि नुकसानभरपाई व नवी गाडी देण्याचा आधीचा आदेश कायम केला. हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा असा आहे. मात्र तो गृहस्थ पहिला मालक होता आणि दिल्लीतील राज्य आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत चार वर्षांहून अधिक काळ तो टिकून राहिला. ठाण्याच्या जिल्हा आयोगात तारखेला जाण्यासाठी रोजंदारी बुडवणाऱ्या, तिसऱ्या हाताने गाडी घेतलेल्या माणसाच्या वकिलाला उत्पादकाशी आपल्या अशिलाचा संबंध काय, या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागेल.

मग करावे काय? भांडवलशाहीचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या अमेरिकेतही हा प्रश्न कंपन्यांच्या सद्भावनेवर सोडलेला नाही. राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या पुस्तकाने उठलेल्या वादळानंतर १९६६ साली तेथे मोटार सुरक्षिततेचा कायदा झाला. त्या कायद्याच्या दडपणाखाली १९७८ मध्ये फोर्ड कंपनीला मागून धडक बसताच पेट घेणाऱ्या पिंटो व तिच्या भावंड गाडीच्या पंधरा लाख प्रती परत बोलवाव्या लागल्या. जर्मनीत मोटार नोंदणीचे सरकारी दप्तर आजच्या मालकाचा पत्ता कंपनीला पुरवते, आणि सुरक्षिततेचा दोष दुरुस्त करून न घेतलेल्या गाडीची नोंदणी रद्दही करता येते. यात चमत्कार काही नाही. दोन दप्तरे एकमेकांशी बोलतात, इतकेच.

आपल्याकडे दप्तर नाही काय? चांगले आहे. सिग्नल मोडला तर ई-चलन काही वेळात मालकाच्या दूरध्वनीवर येते. विमा संपला, धूर-तपासणीची मुदत टळली, तर तेही सरकारला कळते. दंड वसूल करायचा असतो तेव्हा शासनाला माणूस सापडतो. त्याचा जीव वाचवायचा असतो तेव्हा त्याचा पत्ता हरवतो. अर्थात दोष काही अंशी आपल्याकडेही आहे. कर वाचवण्यासाठी किंवा निव्वळ आळसाने गाडी नावावर करून न घेणारे पुष्कळ आहेत, आणि मग चलन व निरोप दोन्ही बोरिवलीलाच जातात. म्हणूनच व्यवस्था माणसाच्या नावाला न बांधता गाडीच्या चासी क्रमांकाला बांधली पाहिजे. दर वर्षी होणारी धूर-तपासणी, विम्याचे नूतनीकरण, मालकी-हस्तांतर या तिन्ही वेळी तो क्रमांक यंत्रात जातोच. त्याच क्षणी या गाडीवर अमुक दुरुस्ती बाकी आहे, ती विनामूल्य आहे, ती अमुक ठिकाणी होईल, असे मराठीत छापून मालकाच्या हाती पडावे, एवढीच मागणी आहे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना नोंदणीच्या कक्षेत आणणारे नियम केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये काढले. बाकी दुरुस्ती पूर्ण केल्याशिवाय गाडी विकायची नाही, ही एक ओळ त्यांत घालता येईल. सात वर्षांची मर्यादा मात्र जायलाच हवी. ती संसदेत बदलावी लागत नाही. मंत्रालयाच्या एका अधिसूचनेने आली आहे, तशीच दुसऱ्या अधिसूचनेने जाऊ शकते.

तोवर हात जोडून बसण्याचे कारण नाही. भिवंडी तालुक्यातील शाखांनी एखाद्या रविवारी गावच्या चावडीवर किंवा स्थानकाबाहेर टेबल मांडावे. महाविद्यालयात जाणारी दोन मुले आणि एक दूरध्वनी पुरेसा आहे. नोंदणी-पुस्तकावर किंवा गाडीच्या पत्र्यावर कोरलेला सतरा अक्षरी चासी क्रमांक उतरवून घ्यावा, कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा, दुरुस्ती बाकी असेल तर मालकाच्या नावे मराठीत अर्ज लिहून त्याची पोच घ्यावी. सेवाकेंद्राने पैसे मागितले तर कार्यकर्त्याने सोबत जावे. मेस्त्रींना एक वही द्यावी आणि वारंवार तुटणारे भाग त्यांत लिहायला सांगावेत; तीन महिन्यांनी त्या वह्या एकत्र केल्या की साडेबाराशेचा आकडा एवढा दूरचा वाटणार नाही. इको गाड्यांपासून सुरुवात करावी. जुलै २०२१ ते फेब्रुवारी २०२३ दरम्यान तयार झालेल्या. शाळेची मुले नेणाऱ्या आधी.